साडेसहा फुटांवरची गाठ

वेळ सकाळी सहा वाजून वीस मिनिटं. वार गुरुवार. ठिकाण घरामागचं अंगण: पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद, तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला स्वयंपाकघराचं दार. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि हवेत बोटं आखडतील असा गारठा होता. अंगणाच्या मधोमध निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं सात फूट उंचीचं एक धूड उभं होतं. त्या धुडाच्या आत, पाणी प्यायलेल्या गादीवर, कानटोपी घातलेले आणि हातात तेलाचा कॅन धरलेले भांडारपाल बसले होते. ताडपत्री बाहेरून बांधलेली होती.

एवढ्या गोष्टी निर्विवाद आहेत. पुढच्या प्रत्येक गोष्टीबद्दल त्या घरात आजही दोन मतं आहेत.

भांडारपाल म्हणजे पाणीपुरवठा खात्याच्या भांडाराचे प्रमुख. सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत बसून त्यांनी एकच तत्त्व जपलं होतं: वस्तू वापरली की गेली. त्यांच्या भांडारात पितळेचे तीन मोठे व्हॉल्व्ह होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी आले तेव्हा जसे ग्रीसच्या कागदात होते, तसेच आजही होते. मधल्या काळात दोनदा, असा व्हॉल्व्ह मिळाला नाही म्हणून शहराचं पाणी चार-चार दिवस बंद राहिलं. लोक बादल्या घेऊन रस्त्यावर आले. व्हॉल्व्ह मात्र सुरक्षित राहिले आणि त्याबद्दल भांडारपालांना खात्याने दोनदा प्रशस्तिपत्र दिलं. (बादली घेऊन उभ्या राहिलेल्यांत दोन्ही वेळा त्यांची बायकोही होती. प्रशस्तिपत्रात त्याचा उल्लेख नाही.)

बायको शाळेत गणित शिकवायची. बावीस वर्षं शिकवून शिकवून शाळेतच काय, गल्लीतही सगळे त्यांना ‘बाई’च म्हणत. पावसाळ्याच्या सुरुवातीला बाई शाळेच्या ओल्या जिन्यावरून घसरल्या आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. दीड महिना हात गळ्यात होता. गळ्यातून निघाला तेव्हा तो छातीच्या वर जाईना. बाई वर्गावर गेल्या, पण फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा राहू लागला. खालच्या अर्ध्या भागात लिहिलेली गणितं मागच्या बाकांना दिसेनात. मुलं आधी उभी राहून लिहून घेऊ लागली, मग बाकावर चढून.

मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून घेतलं आणि दप्तरखोलीत बसवलं. जुन्या वह्यांना चिठ्ठ्या चिकटवायचं काम दिलं. “फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत हात जातो असं डॉक्टरांचं लेखी आणा,” त्या म्हणाल्या. “चार महिने थांबते. शेवटच्या गुरुवारी दुपारपर्यंत कागद आला नाही, तर सातवीचा वर्ग नव्या बाईंकडे कायमचा जाईल.”

बाईंनी घरी येऊन तक्रार केली नाही. फक्त सवयीप्रमाणे दारातच हात धुवायला जायच्या आणि नळाखाली हात धरल्यावर थांबायच्या, कारण धुवायला हातावर खडूच नसायचा.

डॉक्टरांनी उपाय सांगितला होता तो चिमूटभर. “दाराला एक कप्पी लावा. तिच्यावरून दोरी टाका. दोरी ओढून हात वर न्यायचा. रोज, न चुकता.”

“कप्पी तर आपल्या बोळात आहेच की,” सासूबाई म्हणाल्या होत्या. सासूबाई म्हणजे बाईंची आई. याच घरात राहायच्या, पाठीतून वाकल्या होत्या, उंची काठीसकट साडेचार फूट. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या बोळात छताला लाकडी दांडा टांगलेला होता. दोरी ओढली की दांडा वर जायचा आणि पावसाळ्यात कपडे त्याच्यावर वाळायचे.

“ती कपड्यांची आहे, आई,” भांडारपाल म्हणाले. “हा वैद्यकीय प्रश्न आहे.”

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. साधी कप्पी आणायच्या ऐवजी भांडारपालांनी बंद पडलेल्या एका व्यायामशाळेचं अख्खं यंत्र आणलं. वर कप्पी, कप्पीवरून तार, तारेच्या एका टोकाला धरायचा दांडा आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी वजनांची चळत. बसायला गादी, पाठीला गादी. यंत्र चांगलं होतं, यात शंका नाही. दारातून मात्र ते आत जाईना. उभं जाईना, आडवं जाईना. दार काढून पाहिलं, तरी जाईना. म्हणून ते अंगणात उभं राहिलं, आणि उघड्यावर उभ्या राहिलेल्या लोखंडाकडे बघून भांडारपालांनी खिशातून टेप काढली.

“याला कव्हर शिवू,” ते म्हणाले.

एवढाच तो निर्णय.

ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांनी कव्हर शिवून घेतलं. वरून बंद, बाजूंनी बंद. जमिनीची ओल चढू नये म्हणून खालूनही बंद. यंत्राचा एकेक पाय उचलून ते आत घालावं लागलं. पुढच्या बाजूला खालपासून वरपर्यंत एक उभी फट, फटीच्या दोन्ही कडांना पितळी डोळे, आणि त्या डोळ्यांतून बुटाच्या नाडीसारखी ओवलेली दोरी. दोरीची गाठ अगदी वरच्या कडीला. जमिनीपासून साडेसहा फूट. सासूबाई त्यावर आपले पंचे वाळत घालतील असा भांडारपालांना संशय होता, म्हणून गाठ मुद्दाम त्यांच्या हाताबाहेर बांधली होती. ती ज्यांच्यासाठी यंत्र आणलं त्यांच्याही हाताबाहेर गेली, हे त्यांच्या लक्षात आलं. पण “मी आहे ना सोडून द्यायला,” असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

सोडून द्यायला ते होते. प्रश्न सोडण्याचा नव्हता. आधी फडक्याने ताडपत्री कोरडी करायची. मग गाठ सोडायची. मग वजनांच्या दोन्ही सळ्यांना तेल, कप्पीला ग्रीस, तारेवरून हात फिरवून एखादा धागा सुटलाय का ते बघणं, गंजाचा ठिपका दिसला तर पॉलिश पेपर, त्यावर रॉकेलचा बोळा, त्यावर प्रायमर. प्रायमर वाळायला एक दिवस. वाळला की बाई बसणार, तेवढ्यात पाऊस. पाऊस थांबला की दव. आणि यंदा पाऊस लांबला तो असा लांबला की थंडी त्याच्यातच घुसली. थंडीत ग्रीस साबणासारखं घट्ट झालं.

“ग्रीस नरम झाल्याशिवाय तार ओढायची नाही,” भांडारपाल सांगायचे.

“नरम कधी होईल?”

“ऊन आल्यावर.”

“ऊन येतं तेव्हा मी शाळेत असते, अहो.”

“मग रविवारी बघू.”

रविवारी पाऊस असायचा.

स्वयंपाकघराच्या दारावर भांडारपालांनी नियमांचा कागद डकवला होता. ओल्या हाताने यंत्राला शिवू नये. यंत्राच्या दहा फुटांत बादली ठेवू नये. तिसरा नियम असा होता: कव्हर सुटे दिसल्यास, ज्याला दिसेल त्याने, त्याच क्षणी, कारण न विचारता बांधावे. शेवटचा नियम: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कव्हर उघडू नये. कागदाखाली एक वही दोऱ्याने लटकवलेली. तारीख, वेळ, केलेले काम, सही. रोज सकाळी सहा वीसला कव्हर तपासून बांधल्याची नोंद असायची. खात्यातल्या रिवाजाप्रमाणे भांडारपाल रविवारी संध्याकाळीच अख्ख्या आठवड्याच्या नोंदी लिहून सह्या करून टाकत, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको.

चार महिन्यांत त्या वहीत देखभालीच्या एकशे एक्याऐंशी नोंदी झाल्या. व्यायामाच्या नऊ. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे मोत्याखाली नाकच दिसेनासं झालं होतं.

बाईंनी या सगळ्याला उत्तर म्हणून फक्त एकच गोष्ट केली. भांडारपालांच्या ग्रीसने माखलेल्या जाड पँटी रोज धुतल्या.

मुदतीच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, वेल्डर आला. तारेचे दोन धागे सुटले होते, ते त्याला दाखवायचे होते. उंचापुरा माणूस. ताडपत्रीची फट दोन बोटांनी बाजूला करून त्याने आत नाक घातलं आणि म्हणाला, “साहेब, याला आत घाम आलाय.”

“शक्य नाही. पाण्याचा थेंब आत जात नाही.”

“जात नाही, तसा बाहेरही येत नाही ना. तुम्ही दिवसभर रबरी बूट घालून बसा, मग पाय कोरडे राहतात का सांगा मला. खालून वीतभर कापून टाका. वारा खेळू द्या. आणि वापरा हो. वापरातलं लोखंड गंजत नाही.”

“वापरलं की झिजतं.”

“झिजू द्या. तुम्ही आम्ही झिजतोच आहोत.” त्याने फट सोडून दिली. “उद्या सकाळी आठला नवीन तार घेऊन येतो.”

भांडारपालांना हे बोलणं फार लागलं. सव्वीस वर्षांचा अनुभव एकीकडे आणि एका वेल्डरचं नाक दुसरीकडे. त्यांनी ठरवलं, सकाळी आत बसून प्रत्यक्ष पाहणी करायची. फट ओढून घ्यायची आणि थेंब पडतो का ते बघायचं.

त्याच रात्री जेवताना त्यांनी बाईंना सांगितलं, “उद्या साडेआठला डॉक्टरांकडे तपासणी आहे. तोपर्यंत हात अजिबात वर करायचा नाहीस. परीक्षेच्या आधी पेनातली शाई कोणी संपवून टाकतं का?”

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. “नाही करणार,” त्या म्हणाल्या.

गुरुवारी सहा वाजता भांडारपाल कानटोपी ओढून, तेलाचा कॅन घेऊन अंगणात गेले. गाठ सोडली, सैल झालेल्या फटीतून आत शिरले, गादीवर बसले आणि फटीच्या कडा आतून धरून ठेवल्या. गादी बसताक्षणी पाणी सोडू लागली. ते त्यांनी शांतपणे सोसलं. मग पहिला थेंब पडला, कानटोपीवर. दुसरा चष्म्यावर. तिसऱ्यानंतर त्यांनी मोजणं बंद केलं. वजनांच्या चळतीवरून बोट फिरवलं, तर बोट तांबडं झालं. वेल्डर खरं बोलत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तो आठ वाजता येणार होता.

या विचारात त्यांनी फटीच्या कडा केव्हा सोडल्या ते त्यांना कळलं नाही. बाहेर चप्पल वाजली असेल, तर ती कानटोपीमुळे ऐकू आली नाही. कळलं ते एवढंच, की पितळी डोळ्यांतून दोरी सरसर ओढली जाते आहे. खालून वर. कामाची सवय असलेल्या हातासारखी, कुठेही न अडखळता. मग वरच्या कडीपाशी दोन झटके.

भांडारपालांनी घड्याळ पाहिलं. सहा वीस.

ते लगेच ओरडले नाहीत. शिस्तीच्या माणसाने आपल्याच कव्हरमधून ओरडणं शोभत नाही. खिशात चाकू होता. पण आपल्या ताब्यातला माल आपल्या हाताने फाडायचा म्हणजे सव्वीस वर्षांवर पाणी सोडायचं. (पाणी तसंही चालूच होतं.) त्यांनी फटीतून हात बाहेर काढून पाहिला. दोन बोटं बाहेर गेली. तिसरं जाईना.

सात वाजायला वीस मिनिटं असताना काठीचा आवाज आला.

“आई,” भांडारपाल दबक्या आवाजात म्हणाले.

काठी थांबली. “कोण आहे?”

“मी.”

“कुठं आहात?”

“आत.”

सासूबाई ताडपत्रीजवळ आल्या. बाहेर आलेली दोन बोटं त्यांनी निरखून पाहिली, आणि खात्री करण्यासाठी काठीच्या टोकाने एकदा टोचली. “जावईबापू, आत काय करताय?”

“पाहणी. कोणीतरी बाहेरून बांधलंय. गाठ सोडता का?”

“लेखी परवानगी?”

“कसली?”

“दारावर लिहिलंय ना. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय उघडू नये.”

“मालक मीच आहे, आई.”

“असाल. पण आवाजावर कसं ठरवायचं? परवा माझा पंचा कडीला लटकवला, तर तुम्ही मला अर्धा तास तो कागद वाचून दाखवलात.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. भांडारपालांनी खिशातून पेन काढलं, तारेच्या पावतीच्या मागे मांडीवर धरून परवानगी लिहिली आणि दोन बोटांत धरून बाहेर सरकवली.

“चष्मा घरात आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि गेल्या. परत यायला त्यांना आठ मिनिटं लागली. “तारीख नाही घातली.”

कागद आत आला. तारीख पडली. कागद बाहेर गेला.

“हां. आता ठीक आहे.” सासूबाईंनी कागद घडी करून ठेवला आणि वर पाहिलं. “पण हात नाही पोचत. तुम्हीच ना वर बांधली, म्हातारीच्या हाताला लागू नये म्हणून?”

“मग तिला बोलवा.”

“चहा घेता का तोवर?”

“दोन बोटं बाहेर येतात, आई.”

“मग राहू दे.”

सात वाजता बाई बाहेर आल्या. चपलेच्या आवाजावरून भांडारपालांना कळलं की बाई तयार होऊन आल्या आहेत. त्या दिवसांत घरातली चप्पल आणि बाहेर जायची चप्पल यांचे आवाज वेगळे येत.

“अहो,” बाई म्हणाल्या. “काय झालं?”

“कोणीतरी बांधलं.”

“अरे देवा.”

“तुझा हात…” भांडारपाल बोलले आणि थांबले. “नको, तू नको. वर करू नकोस. दुखेल.”

“नाही करत. तुम्ही कालच सांगितलंय ना.”

 आत थेंब पडत होते, आणि भांडारपालांच्या चष्म्यावर इतकी वाफ धरली होती की समोरची निळी ताडपत्रीही दिसेना. माणसाला दिसेनासं झालं की तो आत बघायला लागतो. (ही सोय खात्याच्या भांडारात नव्हती, तिथे खिडक्या होत्या.) साडेआठला डॉक्टर भिंतीला टेप लावणार. हात कानापर्यंत जाईल, फार तर कपाळापर्यंत. दुपारी मुख्याध्यापिका मान हलवतील. सातवीचा वर्ग जाईल. आणि बाई रोज संध्याकाळी घरी येऊन कोरडे हात नळाखाली धरतील.

“ऐकतेस का?” ते म्हणाले.

“ऐकतेय.”

“नऊ वेळा. चार महिन्यांत तू फक्त नऊ वेळा बसलीस याच्यावर. मी मोजलंय.”

“तुम्ही मोजणारच.”

“डॉक्टर रोज म्हणाले होते. मी यंत्र जपत बसलो. वेल्डर खरं सांगत होता, आत सगळं गंजलंय. म्हणजे यंत्रही गेलं आणि तुझा…” त्यांनी चष्मा कानटोपीला पुसला. तो आणखी ओला झाला. “आज कागद मिळाला नाही, तर तो माझ्यामुळे मिळाला नाही. मुख्याध्यापिकांना मी स्वतः येऊन तसं लेखी देईन. हवं तर तारखेसकट.”

फटीतून बाहेर आलेल्या दोन बोटांना कोणीतरी धरलं. क्षणभर घट्ट धरलं. उजव्या हाताने की डाव्या, ते आतून कळायला मार्ग नव्हता.

“झालं बोलून?” बाईंनी विचारलं.

“झालं.”

“मग मी निघते. बस चुकली तर साडेआठला पोचायची नाही. वेल्डर आठला येतायत ना, ते सोडतील. आई, यांच्याकडे लक्ष ठेव.”

“कुठं पळून जाणार आहेत,” सासूबाई म्हणाल्या.

वेल्डर शब्दाला पक्का निघाला. आठच्या ठोक्याला आला, सासूबाईंकडची लेखी परवानगी वाचली, हात वर केला आणि गाठ सोडली. आतून निघालेल्या माणसाकडे त्याने पायापासून टोपीपर्यंत पाहिलं.   मग त्याने ताडपत्री खालून वीतभर कापायला घेतली आणि भांडारपालांनी त्याला अडवलं नाही. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मालाला हात लावणाऱ्या माणसाकडे त्यांनी पाठ फिरवल्याचा हा पहिलाच प्रसंग.

कपडे बदलायला वेळ नव्हता. ओल्या पँटीनेच ते दवाखान्यात पोचले तेव्हा नऊला पाच मिनिटं कमी होती. डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. भिंतीवर फुटांच्या खुणा होत्या.

“करा हात वर,” डॉक्टर म्हणाले. “जाईल तेवढाच. जबरदस्ती नको.”

हात वर गेला. छातीपाशी थांबला नाही. कानापाशी थांबला नाही. कपाळ, डोकं मागे टाकून सरळ वर गेला, आणि बोटं साडेसहा फुटांच्या खुणेवर जाऊन टेकली. तिथे थांबून बाईंनी ती बोटं जराशी हलवलीही, फळ्यावर तारीख लिहिताना हलतात तशी.

 दारातल्या भांडारपालांच्या पायाखालच्या फरशीवर पाणी साचत होतं.

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले. “इतकी सुधारणा सहसा दिसत नाही. रोज व्यायाम केलेला दिसतोय. हे आले वाटतं तुमचे? या, बसा.”

“नको. उभा बरा आहे.”

“यंत्र आणलंय म्हणाला होतात ना तुम्ही? त्याचाच गुण.”

भांडारपालांची छाती ओल्या शर्टातही थोडी फुगली. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “यंत्र नाही, डॉक्टर. घरात कपडे वाळवायचा दांडा आहे, कप्पीवरचा. दोन दोऱ्या आहेत. आधी डाव्या हाताने उजवा ओढायची. मग उजव्याला वजन झेपायला लागलं. पहिल्या महिन्यात रुमाल आणि पंचे. दुसऱ्यात आईच्या चादरी. या महिन्यात यांच्या पँटी.”

“पँटी?”

“ग्रीसच्या. रोज एक माखायची, ती रोज धुवायची. जाड कापड, पाणी फार धरतं. सगळ्यात जड तेच.”

डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता भांडारपालांच्या पँटीकडे पाहिलं. “म्हणजे यांचाही हातभार लागला म्हणायचा.”

“लागला की,” बाई म्हणाल्या. “यांनी देखभाल केली नसती, तर मला एवढं वजन कुठून मिळालं असतं?”

बारा वाजता कागद मुख्याध्यापिकांच्या टेबलावर पडला. वर्ग वाचला.

इथे एखाद्याने समाधान मानलं असतं. भांडारपालांनी त्याच संध्याकाळी चौकशी सुरू केली. टेप काढली, अंगणात जाऊन कडीची उंची पुन्हा मोजली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि सासूबाईंना पहिला प्रश्न विचारला. सासूबाईंनी उत्तर म्हणून दोन्ही हात जमेल तितके वर केले. ते फ्रिजच्या मुठीपर्यंत गेले.

“मग घरात उरलं कोण?” भांडारपाल बाईंकडे वळले.

बाई भांडी पुसत होत्या. पुसलेला डबा त्यांनी सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. सहज ठेवला. “मी कशी असेन?” त्या म्हणाल्या. “माझा हात वर जातो असा कागद सकाळी नऊनंतरचा आहे. सहा वीसला तो जात नव्हता. तुम्हीच तर म्हणालात, वर करू नकोस, दुखेल.”

“आणि समजा जात असता, तर?”

“तर तिसरा नियम आहे ना. सुटं दिसलं की बांधायचं. कारण न विचारता.”

“पण आत माणूस होता.”

“माणूस असल्यास काय करावं, ते नियमात लिहिलेलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मी सगळा कागद वाचलाय. अर्धा तास.”

“बांधणाऱ्याने वहीत सही करायची असते,” भांडारपाल म्हणाले. हे त्यांचं शेवटचं हत्यार होतं. ते उठले, दारावरची वही दोऱ्यासकट ओढली आणि गुरुवारचं पान काढलं.

पान त्यांनी बराच वेळ वाचलं. मग वही मिटून परत खिळ्याला लावली आणि हात धुवायला गेले.

चौकशी अजून बंद झालेली नाही. यंत्र अंगणात आहे. खालून वारा खेळतो, नवी तार चांगली चालते आणि सासूबाईंचे पंचे त्याच्यावर राजरोस वाळतात. बाई सोमवारी सातवीच्या वर्गावर रुजू झाल्या आणि पहिलं गणित त्यांनी फळ्याच्या अगदी वरच्या कडेला लिहिलं. ती कड जमिनीपासून साडेसहा फुटांवर आहे, हे भांडारपालांनी शाळेत जाऊन टेप लावून पाहिलं आहे. ताडपत्रीची गाठही बरोबर तेवढ्याच उंचीवर होती. ती कोणी बांधली, हे त्या घरात अजून कोणी कबूल केलेलं नाही. लेखी पुरावा एकच आहे: गुरुवार, सकाळी सहा वीस, कव्हर तपासून बाहेरून पक्के बांधले. खाली सही भांडारपालांची आहे.